साडेबारा हजार किलोमीटर म्हणजे किती तास?

मुंबई ते न्यूयॉर्क अंतर किती, असे फोनला विचारले की निमिषात उत्तर मिळते: सुमारे १२,५३० किलोमीटर. त्याखालीच प्रवासाचा वेळही दिलेला असतो. प्रवासी विमान ताशी नऊशे किलोमीटरच्या आसपास उडते, तेव्हा साडेबारा हजारांना नऊशेने भागायचे. आले चौदा तास. गणित चोख आहे. तरीही त्या आकड्यावर विसंबून कुणी पाहुण्यांना आणायला विमानतळावर गाडी पाठवू नये. थेट विमानाच्या वेळापत्रकात हाच प्रवास सोळा तासांच्या घरात जातो आणि परतीचा त्याहून तास-दीड तासाने कमी भरतो. जातानाचे आणि येतानाचे अंतर तर तेच. मग हे दोन तास येतात कुठून आणि परतताना जातात कुठे? अंतर ही भूमिती आहे. प्रवासाचा वेळ मात्र वारा, राजकारण आणि धावपट्टी यांच्या ओढाताणीतून ठरतो. प्रवाशाच्या कामाचा आकडा हा दुसरा, आणि आपल्याकडे तो ठरवते विमान कंपनी, छापते विमान कंपनी आणि खरा ठरला की नाही हेही बहुतांशी तिलाच ठाऊक असते. आंतरराष्ट्रीय उड्डाणांना प्रत्यक्ष किती वेळ लागला, हे मार्गनिहाय आणि महिनावार जाहीर करण्याचे बंधन सरकारने विमान कंपन्यांवर घालावे, एवढीच या लेखाची मागणी आहे. ती किरकोळ वाटेल. का नाही, ते पाहू.

आधी १२,५३० या आकड्याची ओळख करून घेऊ. भिंतीवरच्या सपाट नकाशात मुंबईहून न्यूयॉर्ककडे पट्टी ठेवली तर रेघ अरबस्तान, उत्तर आफ्रिका, अटलांटिक अशी जाते. ती सरळ दिसते, पण जवळची नाही. पृथ्वीगोल घ्यावा, मुंबईवर एक बोट ठेवावे, न्यूयॉर्कवर दुसरे आणि मध्ये दोरा ताणावा. शाळेच्या भूगोलात ज्याला बृहद्‌वृत्त म्हणतात, त्याचा तो तुकडा. हा दोरा मुंबईतून वायव्येला निघतो, सिंध-बलुचिस्तान ओलांडतो, अफगाणिस्तानाच्या पश्चिम भागावरून मध्य आशियात शिरतो, जवळजवळ मॉस्कोच्या डोक्यावरून जातो, बाल्टिक आणि स्कँडिनेव्हिया मागे टाकून आइसलँडच्या बाजूला पोहोचतो आणि ग्रीनलंडच्या दक्षिण टोकाजवळून अमेरिकेकडे वळतो. दोर्‍याचे सर्वात उत्तरेचे टोक जवळपास ६५ अक्षांशावर येते. सॅन फ्रान्सिस्को आणि बंगळूरूमध्ये दोरा ताणला तर तो ध्रुवाकडेच धावतो. जानेवारी २०२१ मध्ये कॅप्टन झोया अगरवाल यांच्या नेतृत्वाखाली कॉकपिटमध्ये सगळ्या महिला असलेले एअर इंडियाचे विमान त्या वाटेने सुमारे चौदा हजार किलोमीटर उडून बंगळूरूला उतरले, तेव्हा आपल्या वृत्तपत्रांनी उत्तर ध्रुव पहिल्या पानावर आणला होता. कौतुक योग्यच होते. पण त्या बातमीतला भूगोल एवढाच, की ध्रुवावरून जाणे हा वळसा नसून तोच जवळचा रस्ता आहे.

आता त्या दोर्‍याखालच्या देशांची यादी पुन्हा वाचा. पाकिस्तान, अफगाणिस्तान, रशिया. दोरा ताणणार्‍याला व्हिसा लागत नाही, विमानाला मात्र प्रत्येक देशाच्या आकाशातून जाण्याची परवानगी लागते. बालाकोटच्या हवाई हल्ल्यानंतर २७ फेब्रुवारी २०१९ पासून जुलैच्या मध्यापर्यंत पाकिस्तानचे आकाश बंद होते. त्या काळात एकट्या एअर इंडियाला २ जुलैपर्यंत ४९१ कोटी रुपयांचा फटका बसल्याचे सरकारने राज्यसभेत सांगितले. इंडिगोच्या दिल्ली–इस्तंबूल विमानाला तर इंधन भरायला दोह्यात उतरावे लागे. पहलगामच्या हल्ल्यानंतर २४ एप्रिल २०२५ ला पाकिस्तानने भारतीय विमान कंपन्यांसाठी आपली हद्द पुन्हा बंद केली, आठवड्याच्या आत भारतानेही तेच केले, आणि पुढे महिन्या-महिन्याने मुदतवाढीची पत्रके निघत राहिली. यात एक बारकावा आहे आणि तो प्रवाशाच्या थेट कामाचा आहे. बंदी भारतीय कंपन्यांच्या विमानांवर आहे, सगळ्या विमानांवर नाही. म्हणजे दिल्लीहून त्याच दिवशी, त्याच शहराकडे निघालेले युरोपीय कंपनीचे विमान जवळच्या वाटेने जाऊ शकते आणि आपले विमान आधी गुजरातेकडे खाली येऊन, अरबी समुद्रावरून फिरून जाते. रशियाच्या बाबतीत चित्र बरोबर उलटे आहे. २०२२ च्या युक्रेन युद्धानंतर युरोप-अमेरिकेच्या कंपन्यांना रशियाचे आकाश बंद झाले आणि भारतीय कंपन्यांना खुले राहिले. अमेरिकेच्या युनायटेडने त्या मार्चमध्ये नूअर्क–मुंबई आणि सॅन फ्रान्सिस्को–दिल्ली ही उड्डाणे थांबवली. फिनएअरचे हेलसिंकी–टोकियो विमान नऊ-साडेनऊ तासांत पोहोचत असे, त्याला तेरा तास लागू लागले. दोन्ही शहरे जागच्या जागी होती, एक किलोमीटरही इकडचा तिकडे झाला नव्हता. आणि खुल्या आकाशाचीही किंमत असते: जून २०२३ मध्ये दिल्लीहून सॅन फ्रान्सिस्कोला निघालेले एअर इंडियाचे विमान इंजिनातील बिघाडामुळे रशियाच्या टोकाला मगदान येथे उतरले, तेव्हा दोनशेहून अधिक प्रवाशांना दुसरे विमान येईपर्यंत तिथेच थांबावे लागले.

देशांच्या सीमा निदान नकाशावर दिसतात, वार्‍याची सीमा दिसत नाही. दहा-अकरा किलोमीटर उंचीवर मध्य अक्षांशांत पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे जे वेगवान पट्टे असतात, त्यांना जेट स्ट्रीम म्हणतात; हिवाळ्यात ते अधिक जोर धरतात. पूर्वेला जाणार्‍याला ते पाठीवर घेतात, पश्चिमेला जाणार्‍याच्या छातीवर बसतात. ९ फेब्रुवारी २०२० ला ब्रिटिश एअरवेजचे जंबो न्यूयॉर्कहून लंडनला ४ तास ५६ मिनिटांत पोहोचले, एरवी साडेसहा तास लागतात. जमिनीच्या हिशेबाने त्याचा वेग ताशी तेराशे किलोमीटरच्या वर गेला होता. विमान मात्र आपल्या नेहमीच्याच वेगाने उडत होते, उरलेला वेग वादळी वार्‍याने फुकट दिला. याहून बोलके उदाहरण आपल्या घरचे आहे. दिल्लीहून सॅन फ्रान्सिस्कोला एअर इंडियाचे विमान आधी अटलांटिकवरून, सुमारे १३,९०० किलोमीटरचा पल्ला गाठत जाई. ऑक्टोबर २०१६ मध्ये कंपनीने त्याला पॅसिफिकवरून, पूर्वेकडून पाठवले. पल्ला १,४०० किलोमीटरने वाढून १५,३०० झाला आणि प्रवास जवळपास दोन तासांनी कमी होऊन साडेचौदा तासांवर आला. ‘लांबचा रस्ता जवळचा’ ही एरवी तत्त्वज्ञाने घालायची कोडी; इथे ती डिझेलच्या पावतीइतकी रोकडी आहेत. अंतरावरून वेळ काढणार्‍या भागाकाराला या एका मार्गाने कायमचे खोटे पाडले आहे.

वर आकाशात जे होते त्यातले निम्मे कुणाच्याच हाती नाही, हे मान्य. जमिनीवर जे होते ते मात्र माणसांच्या हातचे आहे. मुंबई आणि दिल्ली विमानतळांत सरळ अंतर सुमारे १,१४० किलोमीटर. भागाकार सांगतो, सव्वा तास. वेळापत्रक सांगते, सव्वादोन तास. या मधल्या तासात ना पाकिस्तान येतो ना जेट स्ट्रीमचा फारसा हात असतो. तो तास टॅक्सीवेवरच्या रांगेत, चढण्या-उतरण्यात आणि मुंबईच्या डोक्यावर घिरट्या घालण्यात जातो. सांताक्रूझच्या दोन्ही धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच चालते, आणि त्या एकीवर तासाला ४६ पर्यंत विमाने चढवली-उतरवली जात. फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्राच्या नागरी विमान वाहतूक मंत्रालयाने गर्दीच्या वेळी हा आकडा ४४ वर आणला आणि तेव्हा दिलेला हिशेब वाचण्यासारखा आहे: विमानांना शहरावर ४० ते ६० मिनिटे घिरट्या घालाव्या लागत होत्या, चाळीस मिनिटांत सुमारे १.७ किलोलिटर म्हणजे १.८ लाख रुपयांचे इंधन जळत होते, तासाभरात अडीच किलोलिटर. न्यूयॉर्कहून साडेबारा हजार किलोमीटर तोडून आलेले विमान वसई-विरारवर चकरा मारते, तेव्हा त्या चकरांचे किलोमीटर कुठल्याच अंतर-तक्त्यात येत नाहीत. डिसेंबर २०२५ अखेरीस नवी मुंबईच्या विमानतळावरून विमाने सुटू लागली, त्यामुळे हा भार हलका व्हावा अशी आशा आहे. तो किती हलका झाला हे कळणार कसे, हाच तर प्रश्न आहे.

वेळापत्रकात छापलेल्या वेळेला या धंद्यात ‘ब्लॉक टाइम’ म्हणतात. विमान गेटवरून हलले इथपासून ते पोहोचल्याच्या गेटवर थांबले इथपर्यंतचा वेळ. चाकांखालचे ठोकळे काढले ते पुन्हा लावले, असा त्याचा जुना अर्थ. हवेतला वेळ त्याचा फक्त एक भाग. हा ब्लॉक टाइम कंपनी स्वतः ठरवते, आणि आपल्याकडे तो नुसता माहितीचा आकडा नाही, त्यावर प्रवाशाचे हक्क टांगलेले आहेत. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या, म्हणजे डीजीसीएच्या नियमानुसार कंपनीने ऐनवेळी उड्डाण रद्द केले तर भरपाईची कमाल रक्कम ब्लॉक टाइमवर ठरते: एक तासापर्यंतच्या उड्डाणाला ५,००० रुपये, दोन तासांपर्यंत ७,५००, त्यापुढे १०,०००. विमानाला उशीर झाला तर खाणे-पिणे कधी द्यायचे हेही त्यावरच: अडीच तासांपर्यंतच्या उड्डाणाला दोन तासांच्या उशिरानंतर, पाच तासांपर्यंत तीन तासांनंतर, त्याहून लांबच्या प्रवासाला चार तासांनंतर. युरोपने २००४ च्या आपल्या नियमात वेगळी वाट धरली. तिथे भरपाई २५०, ४०० की ६०० युरो हे किलोमीटरवर ठरते, आणि ते किलोमीटर बृहद्‌वृत्ताने मोजायचे असे कायद्यातच लिहिले आहे. म्हणजे आपला तो दोरा. युरोपचा हिशेब कोरडा आहे, पण कुणाला तो वाकवता येत नाही. आपला हिशेब प्रवाशाच्या अनुभवाच्या जास्त जवळचा आहे आणि म्हणून मला तो पटतोही; मात्र ज्या पट्टीने ग्राहकाचा हक्क मोजायचा ती पट्टी दुकानदारानेच कापून द्यायची आणि वजन-मापाच्या निरीक्षकाने ती कधी तपासायची नाही, ही व्यवस्था किराण्याच्या दुकानातही चालत नाही.

पट्टी लांब कापण्यात कंपनीचा फायदा काय, असे कुणी विचारेल. फायदा नावाचा आहे. वेळेवर पोहोचणारी कंपनी कोणती, हे ठरलेल्या वेळेच्या पंधरा मिनिटांच्या आत विमान आले की नाही यावरून मोजतात. ठरलेली वेळच सैल ठेवली की उशिरा निघालेले विमानही ‘वेळेच्या आधी’ पोहोचते आणि केबिनमध्ये तशी आनंदाची घोषणा होते. ही चलाखी जगभर चालते, एकट्या भारताची नाही. तिच्यावरचा उपायही जुनाच आहे. अमेरिकेत १९८७ पासून मोठ्या विमान कंपन्यांना देशांतर्गत उड्डाणांची नियोजित आणि प्रत्यक्ष वेळ सरकारला कळवावी लागते आणि ती माहिती कुणालाही पाहता येते. पुढे विमान गेटवरून निघून उडेपर्यंत किती वेळ रेंगाळले, हवेत किती वेळ होते, हेही वेगळे मिळू लागले. आपली डीजीसीए दर महिन्याला देशांतर्गत कंपन्यांची वक्तशीरपणाची टक्केवारी मोठ्या महानगरांच्या विमानतळांपुरती देते. टक्केवारीतून प्रवाशाला आपल्या विमानाबद्दल काहीच कळत नाही, आणि आंतरराष्ट्रीय मार्ग त्या टक्केवारीतही येत नाहीत. जिथे वळसे सर्वात मोठे, तिथेच माहिती सर्वात कमी.

कंपन्यांचा पहिला आक्षेप ठरलेला आहे: वारा आमच्या हातात नाही, शेजारी देश आमच्या हातात नाहीत, मग कोणता आकडा छापायचा? आक्षेप खरा आहे, पण तो मागणीच्या बाजूने जातो. वार्‍याचा भरवसा नाही म्हणूनच एक आकडा खोटा ठरतो आणि गेल्या तीन महिन्यांतला नेहमीचा वेळ व सर्वात वाईट वेळ, असे दोन आकडे खरे ठरतात. शिवाय कंपन्यांकडे हे आकडे नाहीत असे मुळीच नाही. हिवाळी आणि उन्हाळी वेळापत्रके वेगवेगळी निघतात ती मागल्या वर्षांच्या नोंदी पाहूनच. प्रत्येक उड्डाणाचा मार्ग त्या दिवशीच्या वार्‍यावर आणि बंद आकाशावर काही तास आधी आखला जातो, इंधन त्यानुसार भरले जाते. नोंद आहे, फक्त ती तिकिटापर्यंत येत नाही. दुसरा आक्षेप असा की सोळा तासांच्या प्रवासात एक तास इकडे-तिकडे झाला तर काय बिघडते. ज्याला थेट घरी जायचे आहे त्याचे फारसे बिघडत नाही. पण नूअर्कला उतरून पुढे क्लीव्हलंडचे किंवा ऑस्टिनचे विमान पकडायचे असेल, मध्ये इमिग्रेशनची रांग असेल आणि सोबत व्हीलचेअरवरची आई असेल, तर त्या एका तासावर पुढचा सगळा दिवस उभा असतो. मुलांकडे अमेरिकेला जाणार्‍या आपल्याकडच्या आईवडिलांपैकी कित्येकांची औषधे घड्याळावर चालतात. थेट म्हणून विकलेल्या उड्डाणात इंधनासाठी मध्ये उतरावे लागणार असेल, तर ते आधी कळणे ही चैन नाही. आणि निवड आहेच: दुबई किंवा दोह्याला विमान बदलून जाणे आणि थेट जाणे यांच्यात किती तासांचा फरक उरला आहे, हे ठाऊक असेल तरच वरचे पैसे द्यायचे की नाही ते ठरवता येते.

तिसरा आक्षेप मला अधिक वजनदार वाटतो. वळशाचे आकडे चव्हाट्यावर आणले तर बंदीची झळ फक्त भारतीय कंपन्यांना लागेल, ग्राहक परदेशी कंपनीकडे वळेल आणि शेजार्‍याला हवे तेच होईल. असे होण्याची शक्यता नाकारता येत नाही. पण तिकिटाच्या शोधपानावर दोन्ही कंपन्यांचे वेळापत्रक आजही शेजारी-शेजारीच दिसते, लपलेले काहीच नाही. दडते ती फक्त वेळापत्रक आणि वास्तव यांच्यातली तफावत. आणि ही तफावत उघडी पडली तर परदेशी कंपन्यांचीही पडेल, कारण नियम भारतातून उडणार्‍या प्रत्येकाला लावायचा आहे. बंदीचा भार राष्ट्रीय असेल तर तो सरकारने उघडपणे हिशेबात घ्यावा. २०१९ मध्ये संसदेत आकडा सांगितला गेलाच होता. प्रवाशाच्या अज्ञानावर तो भार टाकणे हा काही देशभक्तीचा मार्ग नव्हे.

काहींना वाटेल, थांबा थोडे, विमाने वेगवान होतील आणि हा वाद आपोआप मिटेल. तशी चिन्हे नाहीत. एअर इंडियाने १९६० मध्ये बोइंग ७०७ घेऊन लंडनमार्गे न्यूयॉर्क गाठले, त्या जेटचा वेग आणि आजच्या ड्रीमलायनरचा वेग यांत सांगण्यासारखा फरक नाही. मधल्या काळात कॉन्कॉर्ड १९७६ ला आले, लंडन–न्यूयॉर्क साडेतीन तासांत उडले आणि २००३ मध्ये संग्रहालयात गेले. साठ वर्षांत जो वेळ वाचला तो थांबे गाळून वाचला, वेग वाढवून नाही. यापुढे वाचवण्यासारखे तास उरले आहेत ते वळशांत, घिरट्यांत आणि जमिनीवर. पुण्याचेच पाहा. लोहगाव हा हवाई दलाचा तळ, धावपट्टी अडीच किलोमीटरच्या आसपास, अमेरिकेला थेट विमान नाही. पुणेकर सोळा तासांच्या विमानासाठी आधी दीडशे किलोमीटर रस्त्याने मुंबई गाठतो, घाटातल्या कोंडीच्या भीतीने दोन तास हाताशी ठेवतो, तीन तास आधी विमानतळावर पोहोचतो. तेवीस-चोवीस तासांच्या प्रवासातले जवळपास एक तृतीयांश तास महाराष्ट्रातच जातात. साडेबारा हजार किलोमीटर दूरच्या शहराशी त्यांचा काही संबंध नसतो.

डीजीसीएला यासाठी नवा कायदा लागत नाही, देशांतर्गत उड्डाणांच्या मासिक अहवालात परदेशी मार्गांचा एक तक्ता जोडला तरी सुरुवात होईल. त्यात दोन रकाने हवेत: गेट ते गेट लागलेला वेळ आणि त्यातला हवेतला वेळ. तोवर वाचकांनी एवढे करावे. परदेशाचे तिकीट काढण्याआधी त्या उड्डाणाचा क्रमांक विमानांचा माग काढणार्‍या एखाद्या संकेतस्थळावर टाकावा. गेल्या काही दिवसांत ते विमान प्रत्यक्षात किती वाजता उतरले, हे तिथे पैसे न भरता दिसते. पुढच्या विमानाची वेळ त्या आकड्यावर ठरवावी, तिकिटावरच्या नव्हे.